तपकिरी डाग

"काहून जाऊ मी अकोल्याले? माह्या पुतनीपाशी हाये औषध. उंदरापासून करते म्हने थे."

मी केस पुसत न्हाणीतून बाहेर येत होते, ते ऐकून भिंतीशीच थांबले. आत स्वयंपाकघरात मोठ्याई, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, शेजारच्या काकूंशी बोलत होती.

"उंदरापासून?" काकू म्हणाल्या. "आमच्या घरी तं उंदरं मारायचं औषध आनते बाई."

दोघी हसल्या. हसता हसता मोठ्याईला खोकला आला आणि तो बराच वेळ थांबला नाही.

मी आदल्या दिवशी पुण्याहून कामरगावला आले होते. मोठ्याईच्या स्तनातल्या गाठीचं निदान डिसेंबरात झालं. अकोल्याला केमोच्या दोन सलाईनी झाल्या, केस गेले. तिसरीची तारीख उलटून तीन आठवडे झाले तरी ती गेली नव्हती. ऐकतच नाही, एवढंच आई फोनवर म्हणाली होती. का ऐकत नाही, ते मला आता न्हाणीच्या दारात कळलं.

चूक दिवाळीतली. मी पुण्यात एका प्रयोगशाळेत काम करते. रोग्याच्या गाठीतून कापलेला, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ तुकडा काचेच्या पट्टीवर असतो. त्यावर मी एका अँटिबॉडीचे थेंब सोडते. ही अँटिबॉडी मुळात उंदराच्या पेशींपासून मिळवलेली असते आणि ती एकाच प्रथिनाला ओळखते. ते प्रथिन तुकड्यात असेल तर ती तिथे चिकटून बसते, आणि नंतर रंग टाकला की तेवढीच जागा तपकिरी होते. नसेल तर सगळं निळंच राहतं. कुपीवर स्पष्ट लिहिलेलं असतं की हे फक्त संशोधनासाठी आहे.

मोठ्या बाबांनी, म्हणजे मोठ्याईच्या नवऱ्याने, दिवाळीत विचारलं, तू तिथं करतेस तरी काय. मी मोबाइलवर तपकिरी डागांचा फोटो दाखवला आणि म्हटलं, हे उंदरापासून मिळवतात आणि ते कॅन्सरच्या पेशीला जाऊन चिकटतं. चांगल्या पेशीला काही करत नाही का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. त्यांनी मांडीवर थाप मारली आणि ओसरीवरच्या सगळ्यांना ते पुन्हा ऐकवलं. चिकटतं, पण मारत नाही, हे पुढचं वाक्य माझ्या तोंडात होतं. तेवढ्यात सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मी फोन खिशात ठेवला. मोठ्याई चकल्या पाडत होती. तिचा हात थांबला होता, ते मला दिसलं होतं. गाठ तिच्या हाताला तेव्हाच लागली होती, पण तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

मी कारंजाला कॉन्व्हेंटमध्ये शिकले. माझं कमी बोलणं घरात नेहमी हुशारीत जमा होत आलं. जे बोलते, ते खरंच असणार असं सगळे धरून चालतात.

त्या दिवशी दुपारपर्यंत भेटायला लोक येत होते. एक आजोबा म्हणाले, त्यांच्या गुडघ्यासाठीही माझ्या प्रयोगशाळेत काही असेल तर बघावं. मोठे बाबा कौतुकाने हसले. मी मोठ्याईची फाइल घेऊन आतल्या खोलीत बसले. तिच्या गाठीच्या तुकड्यावरही कोणीतरी माझ्यासारखेच थेंब सोडले होते. औषध ठरवायला लागणाऱ्या तीन प्रथिनांच्या खुणा तपासल्या होत्या, तिन्ही नव्हत्या. अँटिबॉडीच्या जातीची काही औषधं खरोखर रोग्यांना देतात, पण ती वेगळी, आणि त्यांना चिकटायला जे प्रथिन लागतं ते मोठ्याईच्या गाठीत नव्हतंच. तिच्यासाठी अकोल्याची सलाईन हाच रस्ता होता. त्यातले तीन आठवडे माझ्या एका अर्ध्या वाक्याने खाल्ले होते.

चार वाजता मी बाहेर आले. मोठ्याई ओसरीवर सुपात हरभऱ्याचे घाटे सोलत बसली होती. डोक्याला ओढणी घट्ट बांधलेली, मनगटावरच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. मी शेजारी बसले. तिने मूठभर हिरवे दाणे माझ्या ओंजळीत टाकले.

"आनलं का वं?" तिने हळूच विचारलं, आतल्या काकूंना ऐकू जाऊ नये तसं.

मी ओंजळ मांडीवर टेकवली.

"नसन आनलं तं राहू दे. घाई नाही." ती घाटे सोलत राहिली. "गोळी हाये का इंजेक्शन? त्यानं केस तं नाही ना जात?"

अजून तयार व्हायचंय, असं म्हणता आलं असतं. ते खोटंही वाटलं नसतं. ती खूश झाली असती, मी रविवारच्या गाडीने परत गेले असते, आणि सोमवारी, केमोच्या वारी, अकोल्याच्या त्या दवाखान्यात तिचं नाव पुकारून पुढचं नाव घेतलं गेलं असतं.

ओंजळीतले दाणे मी सुपात ठेवले. माझा आवाज इतका मोठा निघाला की चुलीजवळच्या काकू दारात आल्या.

"मोठ्याई, माझ्याकडे औषध नाही. मी नुसते डाग पाडते, रोग कुठं आहे ते दिसावं म्हणून. त्यानं कोणी बरं होत नाही. दिवाळीत मी अर्धंच सांगितलं, चूक माझी. केस जातील, तुला त्रासही होईल, पण सोमवारी आपण अकोल्याला जाऊ. मी येते तुझ्यासोबत."