जयंतीआधीचा उपसा

मी पेट्रोल पंपांखालची जमीन तपासते. मैत्रिणींना सांगितलं की त्या आधी हसतात, मग विचारतात, "म्हणजे नक्की काय गं?" जमिनीत पुरलेल्या टाक्या जुन्या झाल्या की गंजतात, पेट्रोल मातीत झिरपतं आणि खालच्या पाण्यापर्यंत पोचतं. ते कुठवर गेलंय हे बोअर मारून शोधायचं. थोडक्यात, वाईट बातमी घरपोच देण्याचं काम. चहासुद्धा कुणी मनापासून पाजत नाही.

भांडुपला टेकडीच्या उतारावर ज्या वस्तीत मी वाढले, तिच्या वरच्या रस्त्याला एक पंप आहे. वस्तीतल्या विहिरीला वास येतो अशी तक्रार गेली आणि तपासणी नेमकी आमच्या ऑफिसकडे आली. साहेब म्हणाले, "तुझीच वस्ती ना? तूच बघ. लोक ऐकतील तुझं." हे त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे.

ती विहीर माझ्या बाबांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी खणलेली. सगळे मराठवाड्यातून आलेले. आठवडाभर कारखान्यात राबायचे आणि सुट्टीच्या दिवशी पहार घेऊन मुरमात उतरायचे. आता घरोघर नळ आहेत, पण विहिरीचा मान गेलेला नाही. दरवर्षी जयंतीच्या आधी ती पूर्ण उपसतात, गाळ काढतात. जयंतीच्या सकाळी विहारात वंदना झाली की तिच्या ताज्या पाण्याचा एकेक पेला सगळ्यांना मिळतो. पहिली घागर बाबा भरतात.

पंपापासून विहिरीपर्यंतच्या उतारावर आम्ही बोअर घेतले आणि त्यांत भोकं पाडलेले पाइप बसवले. पंपालगतच्या पाइपात पाण्यावर बोटभर पेट्रोल तरंगत होतं. मधल्या पाइपात नुसता वास. विहिरीजवळच्यात तोही अगदी पुसट. मला हायसं वाटलं. वरच्या वर, पंपापाशीच ते खेचून काढलं तर विहीर वाचणार होती. ऑफिसने विहिरीवर नोटीस लावली: पाणी वापरू नये. मी घरी जाऊन बाबांनाही सांगितलं.

"बरं," ते म्हणाले. "तू म्हणतेस तर नाही वापरत."

त्यानंतर मी माहुलला दुसऱ्या कामावर होते. परत आले तेव्हा जयंती तोंडावर आली होती. गल्लीत निळ्या पताका लागल्या होत्या आणि विहिरीत दोन मोटारी घुरघुरत होत्या.

"आधी मोटारी बंद करा!" मी ओरडलेच. "एक ठिणगी उडाली तर भडका उडेल."

शेजारच्या काकांनी बटण बंद केलं. "ओरडतेस कशाला? वास येतो म्हणून आठवडाभर धुऊन काढतोय. एक थेंब वापरला नाही आम्ही, काय!"

बाबा काठावर उभे होते, घामाने भिजलेले, खुशीत. "यंदा डबल उपसा केला. झकास पाणी लागेल बघ."

खरंच कुणी थेंब वापरला नव्हता. विहीर नासली की उपसायची, हे आमच्या लोकांना शिकवावं लागत नाही. पण विहीर रिकामी केली की आजूबाजूचं पाणी तिच्याकडे धावतं, आणि त्याच्यामागून पेट्रोलही. मी विहिरीजवळच्या पाइपात नळी सोडली. वर काढली तर तिच्यातल्या पाण्यावर पिवळसर थर होता. बाटल्या भरून बर्फात ठेवल्या. प्रयोगशाळेने सांगायची गरजच उरली नव्हती. वाट लागली होती.

दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच बाबांना सांगितलं.

ते म्हणाले, "म्हणजे आम्हीच ओढून आणलं?"

"टाकी तुमची नव्हती, बाबा."

"ओढलं तर आम्हीच ना?"

मला पंपवाल्याचा भयंकर राग आला. टाकी त्याची, गळती त्याची, आणि चोरासारखा चेहरा माझ्या बापाचा. त्या जयंतीला नळाचं पाणी वाटलं. बाबा विहाराबाहेरच्या बाकावर बसून राहिले आणि कुणाशी धड बोलले नाहीत.

पुढे विहिरीवर लोखंडी जाळी बसवली. आता बोर्ड हवा होता. जयंतीचे फलक बाबाच रंगवतात, म्हणून लोकांनी ब्रश त्यांच्याच हातात दिला. काय लिहायचं ते मी सांगितलं: पाण्याला हात लावू नये. हे पाणी कातडीलाही अपाय करतं, त्यामुळे नुसतं 'पिऊ नये' लिहून भागणार नव्हतं.

बाबांचा हात थांबला. गावी असताना त्यांची आई रिकामी घागर घेऊन विहिरीच्या खालच्या बाजूला तासन्‌तास उभी राहायची. वरून कुणी पाणी ओतलं तर मिळायचं. माझे शब्द त्यांनी लहानपणीच ऐकले होते.

"दुसरं काहीतरी लिहू या, बाबा," मी म्हणाले. काय, ते मला सुचत नव्हतं.

"नको. पोरं खेळतात इथं. हेच लिहिलं पाहिजे."

त्यांनी ब्रश बुडवला. 'पाण्याला' लिहिलं, आणि त्यापुढे मी न सांगितलेला एक शब्द घातला. मग बाकीचं पुरं केलं. पाण्याला कोणीही हात लावू नये.

"निदान सगळ्यांना सारखं," बाबा म्हणाले, आणि त्यांना रडू फुटलं.