पुदुच्चेरीतली ओटी

काल राजापेठेत लेकीच्या ओटीसाठी खण घेतला. कोऱ्या खळीचा वास नाकात गेला आणि पुदुच्चेरीचा समुद्र आठवला.

किनाऱ्यालगत फ्रेंचांच्या जुन्या हवेल्या, उंच खांब, पांढऱ्या कमानी. नवऱ्याच्या साहेबांच्या बायकोशी मी शब्द जपून बोलत चालले होते. तेवढ्यात माझी आई खडकावर बसली आणि पिशवीतून खण, नारळ, तांदूळ काढून पाण्याची ओटी भरू लागली.

"समुद्राची ओटी?" बाई हसल्या. "तो तर पुरुष ना!"

माझे कान तापले. "आई, ऊठ. लोक पाहून राहिले."

"समुद्राची नाही वं," आई म्हणाली. "आमच्या कौंडण्यपूरची वर्धा नदी शेवटी याच समुद्रात येते म्हणतात. माहेरची पोरगी, तिले रिकाम्या हातानं कशी भेटू?" मग हवेल्यांकडे पाहून खुदकन हसली. "मोठ्या घरी पडली बाई!"

त्या परक्या गावात आपलं माणूस फक्त तिलाच भेटलं होतं, हे आज कळतं. तेव्हा मी तिला दंडाला धरून उठवलं.

गाडीत बसलो, तरी उरलेले तांदूळ तिच्या मुठीतच होते.