दुःखाचा रकाना

भिंतीवर माझा फोटो होता. त्याखाली माझं नाव, आणि नावाखाली एक लाल पट्टी. पट्टीवर लिहिलं होतं: निराश, मृत्यूत रमणारा, टीमसाठी अयोग्य.

बीडच्या आमच्या ऑफिसात त्या दिवशी पुण्याहून तीन पाहुणे आले होते. आमची कंपनी एक सॉफ्टवेअर बनवत होती. नोकरी मागायला आलेला डेव्हलपर सोशल मीडियावर काय टाकतो ते त्यानं वाचायचं आणि माणूस कसा आहे याचा अंदाज सांगायचा. पाहुण्यांना ते विकत घ्यायचं होतं. नमुना म्हणून कुणाचं तरी खातं दाखवायला हवं होतं. साहेबांनी मला न विचारता माझं दाखवलं.

एकामागून एक माझ्या पोस्ट प्रोजेक्टरमधून भिंतीवर सरकू लागल्या. भावपूर्ण श्रद्धांजली. दुःखद निधन. पुन्हा भावपूर्ण श्रद्धांजली. फुलांच्या चौकटीत आमच्या वस्तीतले चेहरे. पाहुणे आधी वाचत होते. मग एकजण हसला, मग सगळेच. साहेब म्हणाले, "याचा आजा मयताचे सांगावे न्यायचा, नातू ऑनलाइन नेतो. रक्तातच हाय ते."

मीही हसलो. त्या हसण्याची लाज मला अजून वाटते.

साहेब आमच्याच गावचे, दिंद्रुडचे. मोठं बागायती घर, घरात राजकारण. त्यांच्या घरी कुणी गेलं की माझा आजोबा गावोगाव पायी सांगावा घेऊन जायचा, कारण ते काम आमच्या जातीचं. सोयऱ्यांच्या दाराबाहेर उभं राहायचं, अमका गेला म्हणून सांगायचं, दिली तर भाकरी घ्यायची आणि पुढच्या गावाला चालू लागायचं. साहेबांना हे सगळं ठाऊक होतं. मी कोण आहे ते पाहुण्यांना कळावं म्हणूनच ते बोलले.

त्या पोस्ट मी कशाला टाकायचो? आमच्या वस्तीत कुणी गेलं की लोक माझ्याकडे येत. मी कॉम्प्युटरवाला. फोटो बहुतेकांचा नसायचाच. लग्नाच्या घोळक्यातून नाहीतर आधारकार्डावरून चेहरा काढायचा, मोठा करायचा, खाली नाव लिहायचं. ऊसतोडीला कर्नाटकात गेलेल्या भावाबहिणींना त्या पोस्टवरूनच कळायचं. साहेबांच्या घरचं कुणी गेलं तर चौकाचौकात फ्लेक्स लागतात, पेपरात पान येतं. आमच्या माणसांना माझं खातं होतं, बाकी काही नाही.

आणि खरी गोष्ट पुढंच आहे. ती लाल पट्टी माझ्याच हातची होती.

सॉफ्टवेअरसाठी मराठी शब्दांची यादी मी लिहिली होती. आनंदाचा एक रकाना, दुःखाचा एक, आक्रमकतेचा एक. 'निधन', 'श्रद्धांजली', 'अंत्यविधी' मी दुःखाच्या रकान्यात घातले आणि दुःखाला गुण उणे. 'जयभीम' कुठं टाकू, असं मी विचारलं तेव्हा साहेब मान वर न करता म्हणाले, आक्रमकमध्ये टाक. मी टाकला. ज्या शब्दानं माझी आई रोज माणसाला हाक देते, तो मी माझ्या बोटांनी तिथं टाकला आणि चहा प्यायला गेलो.

पाहुणे गेल्यावर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. माझी उमेदवारी संपत आली होती, कायम करायचं की घरी पाठवायचं ते त्यांच्या हातात. म्हणाले, हे मयतांचं दुकान बंद कर. खातं साफ केलंस तर सोमवारी पाहुणे परत येतील तेव्हा त्यांना दाखवतो माणूस कसा सुधारतो, आणि तुझं पत्रही देतो.

जेवणाच्या सुट्टीत मी डबा बाजूला सारून बसलो. एकेक पोस्ट काढली, मग कचऱ्यातूनही काढली. कायमचं काढायचं का, असं दर वेळी विचारलं जात होतं. दर वेळी मी हो म्हणालो. मूळ फोटो माझ्या जुन्या फोनमध्ये होते आणि तो फोन कधीच मोडीत गेला होता, हे तेव्हा माझ्या लक्षातच आलं नाही. की आलं होतं आणि मी ते मागं ढकललं? अजून मला ठरवता येत नाही.

रविवारी गावी गेलो. मथुरामावशी आली. शेजारची. तिचा एकुलता एक मुलगा सुनील धरणाच्या कालव्यात बुडून गेला होता. त्याचा एकच फोटो होता, कुणाच्या तरी हळदीतला, तोही मीच कापून काढलेला. मी गावी आलो की ती हात धुऊन, पदराला पुसून यायची आणि माझ्या फोनमध्ये त्याला बघायची. त्या दिवशीही तिनं हात पुढं केला. "सुनील दाव की."

मी उगाच स्क्रीनवर बोट फिरवत राहिलो. खोटं बोलायचा विचार आला होता. नेट नाही म्हणालो असतो तर ती निघून गेली असती.

"मावशी, न्हाई फोटो. म्या काढून टाकला."

"कावून?"

"साहेबानं सांगितलं. नोकरी पक्की व्हणार व्हती."

ती रडली नाही. माझ्या हाताकडं बघत म्हणाली, "त्यानं सांगितलं. बोट तुझं व्हतं."

तेव्हापासून सुनील माझ्या मागं आहे. भर दुपारी, स्क्रीनसमोर बसलो की येतो. त्या फोटोत त्याच्या खांद्यावर दुसऱ्या कुणाचा तरी हात होता, तो मला नीट कापता आला नव्हता. तो हात मला स्पष्ट आठवतो, त्यातली अंगठीसुद्धा. सुनीलचा चेहरा आठवत नाही. मी भीतीनं डोळे मिटून बसतो, आठवायचा प्रयत्न करतो, आणि पुन्हा तो हातच येतो.

सोमवारी भिंतीवर माझी पट्टी हिरवी झाली होती. मनमिळाऊ, उत्साही, टीमसाठी योग्य. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी पत्र माझ्यापुढं सरकवलं.

मी उभा राहिलो. पाहुण्यांना म्हणालो, "ही यादी मी लिहिलीय. आमच्यात माणूस गेलं की चार ठिकाणी सांगावं लागतं, ते मी रोग म्हणून लिहिलं. हे तुम्ही विकत घेतलं तर आमची पोरं दारातूनच परत जातील."

"खाली बस बे," साहेब म्हणाले.

मी बसलो नाही. पत्र तिथंच टेबलावर ठेवून बाहेर पडलो आणि बसस्टँडपर्यंत चालत गेलो.

पाहुण्यांनी ते घेतलं की नाही, मला कळलं नाही. घेतलं असेल तर माझे शब्द अजून त्यात बसून कुणाला तरी नाकारत असतील. म्हणून माझ्या खात्यावर सगळ्यात वर मी लिहून ठेवलं आहे की मराठी शब्दांची ती यादी माझी, कोणता शब्द कुठं टाकला आणि कुणाच्या सांगण्यावरून. आता मी वस्तीत घरोघर जातो. जिवंत माणसांचे फोटो काढतो, एकेकट्याचे, समोरून, आणि प्रत्येक फोटो तीन ठिकाणी ठेवतो. मथुरामावशीनं अजून फोटो काढू दिलेला नाही. दार लोटून घेते. तिचं बरोबर आहे.

तिनं माफ करावं म्हणून मी हे करत नाही. पुन्हा कुणाच्या हुकमानं मी आमच्या माणसाचा चेहरा पुसणार नाही. सांगणारा साहेब असो, यंत्र असो, नाहीतर माझं स्वतःचं पोट असो.