दादाच्या लेथवर शेखबाई

शेखबाई कुणाच्याही घरात शिरल्या की आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत, मग स्वतःच्या मनगटाकडे, आणि या-बसा व्हायच्या आत सांगून टाकत, "तुमचं घड्याळ पुढे आहे हं." आमच्या दादाने त्याच्या घरातलं घड्याळ कामावर जायच्या दिवसांपासून मुद्दाम पुढे ठेवलं होतं. वहिनी होत्या तोवर त्यांनी कितीदा सांगितलं, पण त्याने काटा हलवू दिला नाही. बाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, "आता कुठली गाडी पकडायचीय तुम्हाला?" दादा खळखळून हसला आणि मला म्हणाला, "विनू, काढ रे ते खाली." मी स्टुलावर चढून घड्याळ काढलं. बाई मला आवडेनाशा झाल्या त्या तिथूनच.

दादा माझा थोरला भाऊ. कुसगावात त्याचं घर, मागे पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये बंद पडलेल्या एका वर्कशॉपमधून आणलेला जुना इंग्लिश लेथ, धातू फिरवून कातायचं यंत्र. निवृत्तीनंतर हाच त्याचा छंद. आसपासच्या गावांतले लोक जुन्या वस्तूंचे, बाजारात न मिळणारे स्क्रू-नट घेऊन येत आणि दादा ते नव्याने करून देई. स्क्रूला आटे पाडायचे तर लेथच्या बाजूचे गिअर बदलावे लागतात. गज चकात धरून फिरतो, लीडस्क्रू नावाचा लांब स्क्रू टूल बसवलेलं सॅडल त्याच्या कडेने सरकवतो, आणि दोघांचा मेळ गिअर घालतात; जसे आटे हवेत तशी गिअरची जोडी. अर्धांगाचा झटका आल्यावर दादाचा उजवा हात लुळा पडला, आणि एका हाताने गिअर बदलता येत नाहीत. मग दर रविवारी मी लोणावळ्याहून जाऊ लागलो. तो खुर्चीत बसून माप सांगे, मी गिअर चढवी, गिअरच्या दातांमध्ये कागदाची पट्टी धरून अंतर बघे. काम झालं की तो म्हणे, "तू नसतास तर ही शेड मी भंगारात दिली असती." लहानपणी तो मला पतंगाची फिरकीसुद्धा धरू देत नसे. त्यामुळे हे वाक्य मला आठवडाभर पुरायचं.

बाई आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झालेल्या. लग्न केलं नव्हतं. लोणावळ्याच्या बाजारामागे एकट्या राहत. डोक्यावर पदर, दोरीत अडकवलेला चष्मा, आणि खांद्यावरच्या पिशवीत कोथिंबिरीच्या जुडीशेजारी मल्टिमीटर. रेडिओच्या बटणाचा एक मोडका स्क्रू घेऊन त्या दादाकडे आल्या होत्या. मी गिअर बदलत होतो तेवढा वेळ त्या कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे गिअर काढूनच टाकता येतील. चक किती फिरला ते मोजायला एक सेन्सर, लीडस्क्रू फिरवायला वेगळी मोटर, आणि मध्ये हिशेब करणारी एक छोटी पेटी. बटणावर माप टाकायचं. एका हाताचं काम आहे." दादाच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी झटका आल्यापासून पाहिलं नव्हतं. "खरंच?" त्याने विचारलं. मी पाना खाली ठेवला आणि चहा टाकायला आत गेलो.

त्या चहाचंही बाईंनी वाटोळं केलं. पुढच्या वेळी येताना त्यांनी कुंडीतला गवती चहा आणला, आणि इतकी वर्षं माझा चहा मुकाट पिणारा दादा म्हणाला, "वा! याला म्हणतात चहा." पावसाळ्यातल्या रविवारी भुशी धरणाकडे जाणाऱ्या गाड्यांनी रस्ता तुंबला की मी मनातून खूश होई, आज काही बाई येत नाहीत म्हणून. पण रिक्षा जिथे अडके तिथे त्या उतरत आणि छत्री घेऊन चालत येत. शेडमध्ये शिरल्या की चप्पल झटकत म्हणत, "गाड्या उभ्या होत्या, मी नव्हते."

मोटर बसली, सेन्सर बसला, पेटीतले आकडे दिसू लागले. आता मला वाटलं, झालं, चालू करतील. पण बाईंची पद्धत वेगळी होती. मशीनवर त्या आधी विश्वास टाकत नसत. "आपण तिला दहा सांगितले म्हणून ती दहा जाते असं नाही. तिला विचारायचं, किती गेलीस?" असं म्हणून त्या सॅडलला केसभर हालचालही दाखवणारी डायल टेकवत, मोटरला सरकायला सांगत, आणि काटा कुठे थांबतो ते चष्मा वर करून बघत. मग उलट सरकवत. मग पुन्हा तेच. त्या वेळी कुणी बोललेलं त्यांना खपत नसे. एकदा मी खोकलो तर म्हणाल्या, "विनायकराव, बाहेर जाऊन खोका." दादा गालात हसत होता. माझ्याच भावाच्या शेडमधून मला बाहेर काढलं जात होतं आणि माझा भाऊ हसत होता.

पहिलं खरं काम आलं ते लोहगडवाडीच्या किसनआबांचं. गडाखाली त्यांचं भज्यांचं दुकान, आणि त्यांच्या मंडळींचा माहेरून आलेला मोठा पितळी सोऱ्या. वरून फिरवायच्या लांब स्क्रूचे आटे एका बाजूने पार गेले होते. "नवा घे म्हनलं तर न्हाई म्हनती," आबा म्हणाले. "आईचा हाय म्हनती. व्हईल का काय?"

"होईल," बाईच म्हणाल्या. दादाच्या आधी.

त्यांनी एका गजावर टूलने नुसती आट्यांची हलकी रेघ ओढून घेतली. मग जुन्या स्क्रूचा न झिजलेला भाग तिच्यावर धरला आणि दोन्ही दाराच्या उजेडात नेलं. एका टोकाला जुने आटे नव्या रेघेवर बरोब्बर बसत होते. दुसऱ्या टोकाला मात्र रेघ जराशी सरकलेली दिसत होती. केसभरच, पण दिसत होती.

"न्हाई जमलं व्हय?" आबांनी विचारलं.

मला जो आनंद झाला तो काय सांगू. गिअर कपाटात जपून ठेवलेले होते. तासाभरात चढवून दाखवले असते. मी दादाकडे पाहिलं. तो गजाकडे बघत होता, आणि त्याचा डावा हात उजव्या हाताची बोटं चोळत होता. तो हताश झाला की असं करतो. माझा आनंद तिथेच आंबला.

बाई मात्र शांत होत्या. त्यांनी डायल लावली आणि चकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लीडस्क्रूचा एकेक टप्पा तपासला. दुपारचं जेवण टळलं. शेवटी त्यांनी मलाच हाक मारली, "विनायकराव, इकडे या. या लेथवर काम नेहमी चकाजवळच करता का हो?"

"हो," मी म्हणालो. "छोटेच स्क्रू असतात. सगळे चकाजवळ."

"म्हणून लीडस्क्रू तेवढ्याच भागात झिजलाय. झिजलेल्या भागातून चांगल्या भागात शिरताना सॅडल चुकतंय. पेटीचा हिशेब बरोबर आहे." त्यांनी लीडस्क्रूवरून बोट फिरवलं. "हे तुम्हा दोघांचं काम आहे. इथे बसून किती वर्षं केलंत, ते यात दिसतंय."

दादा खुर्चीतून म्हणाला, "मी आणि विनू." एवढंच. पण मला बरं वाटलं.

बाईंनी लांब गज लावून, दुसऱ्या टोकाला आधार देऊन, सगळं काम चकापासून दूर, न झिजलेल्या भागात घ्यायला सांगितलं. पुन्हा रेघ, पुन्हा दाराचा उजेड. या खेपेस टोकापासून टोकापर्यंत आटे जुळले. मग त्या लेथपासून बाजूला झाल्या आणि म्हणाल्या, "दादा, या." मी सवयीने पुढे झालो. दादा म्हणाला, "विनू, तू बस."

मी बसलो. त्याने डाव्या हाताने माप टाकलं, डाव्या हाताने टूल आत घेतलं, बाहेर काढलं, पुन्हा आत घेतलं. पितळेचा भुगा त्याच्या पायांवर पडत होता. आबा तोंडावर हात धरून बघत होते. संध्याकाळी ते नवा स्क्रू धोतराच्या सोग्यात गुंडाळून घेऊन गेले. जाताना म्हणाले, "भाऊ, लय झ्याक झालं."

मी बाईंना रिक्षापर्यंत सोडायला निघालो. रस्त्यात त्या म्हणाल्या, "मी तुम्हाला आवडत नाही, ते मला कळतं."

"छे, असं काही नाही," मी म्हणालो.

"असू दे. पण रविवारी येणं बंद करू नका. त्यांना तुम्ही यायला हवे आहात. फक्त तुमच्यावाचून अडायला नकोय."

मी येणं बंद केलं नाही. तिघांचे रविवार पुढेही चालले. मी गवती चहा करायला शिकलो. मी केलेल्या चहावर दादा कधी बोलला नाही, आणि बाई दर वेळी म्हणत, "आज जमलाय." तेही मला बोचे.

गेल्या थंडीत बाई आजारी पडल्या आणि आठवड्याभरात गेल्या. त्यांच्या भाच्याचा फोन आला तेव्हा मी दादाकडेच होतो. दादा म्हणाला, "मला न्यायचं." कब्रस्तानात खाली उतरताना मी त्याचा दंड धरला होता. सगळे मूठमाती देत होते. दादाने डाव्या हाताने दिली. मग थांबला, खाली वाकला, आणि उजवा हात मातीत घातला. ती बोटं मिटत नाहीत. माती उचलायच्या आत सांडत होती. मी मदतीला हात पुढे केला, त्याने मानेनेच नको म्हटलं. भाचा आणि बाकीचे लोक थांबून राहिले. तळव्यावर जेवढी राहिली तेवढी त्याने दिली.

परतताना रिक्षात तो रडला. आई गेली तेव्हा तो असा रडला नव्हता. वहिनी गेल्या तेव्हा तर दोन दिवस नुसता भिंतीकडे बघत बसला होता. आता माझ्या खांद्यावर डोकं टेकून तो लहान मुलासारखा हुंदके देत होता, आणि मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होतो. मलाही बाईंसाठी रडू येत होतं. पण त्याच वेळी मनात येत होतं की मी आधी गेलो, तर हा माझ्यासाठी असा रडेल का? मी त्याला विचारलं नाही. कुसगाव येईपर्यंत बाईंचा हेवा करत बसलो.