विमानाचं झाकण

आमच्या घरी विमान होतं, पण त्याला बसेल असं झाकण नव्हतं.

झाकण म्हणजे काउलिंग. विमानाच्या नाकावर इंजिन झाकणारा पत्र्याचा टोप असतो, तो. मी कचेरीत कारकून. विमान सुट्ट्यांमध्ये अंगणात बांधलं होतं. पंख झाले, शेपूट झाली, जुनं इंजिनही पुढे लागलं. रविवारी विमान खात्याचे साहेब तपासायला येणार होते. ते हो म्हणाले तर विमान ट्रकवर चढून विमानतळावर जाणार, नाही म्हणाले तर भंगारात. कारण अंगणात माझ्या बहिणीच्या लग्नाचा मांडव पडायचा होता. हे बायकोने, सुमनने, मला एकदाच आणि फार शांतपणे सांगितलं होतं. ती शांतपणे बोलली की मला घाम फुटतो. (मे महिन्यातल्या नागपुरात त्यासाठी खरं तर बायको लागत नाही.)

पत्र्याचं काम मेहुण्याला दिलं. वसंताचं कूलरचं दुकान. चौकोनाशिवाय त्याने जन्मात काही केलेलं नव्हतं. पहिलं काउलिंग आलं ते चौकोनी, तीन बाजूंनी जाळीचं.

"अरे, हे विमान आहे."

"मंग? इंजिन थंडच ठेवायचं आहे ना, भाऊजी?"

त्याचं अगदीच चूक नव्हतं, म्हणून मला जास्त राग आला.

दुसरं काउलिंग गोल निघालं आणि शनिवारी सकाळी आम्ही ते बसवायला घेतलं. डावी बाजू बसली की उजवी उठायची. उजवी दाबली की खालची सुटायची. सुमन वरून पाट दाबून उभी, मी खालून डोक्याने रेटा देतोय, आणि स्क्रूची भोकं काही समोरासमोर येईनात. मी भोक मोठं करायचो, मग त्यातून स्क्रूच आरपार पडायचा. दुपारपर्यंत ड्रिलचं पातं मोडलं. माझी कंबर त्याआधीच गेली होती.

"काहून जीव काढून राहिले, भाऊजी?" वसंता म्हणाला. "उरल्या भोकाईत रिबिटा ठोकून टाकू. मी कूलर असाच बंद करतो. बापजन्मात हलत नाही."

मी इतका थकलो होतो, की मला ती थोर कल्पना वाटली. चहूबाजूंनी रिबिटा, म्हणजे पत्रे जोडायचे रिव्हेट, ठोकल्या. वसंता थांबला तरी मी आणखी दोन-चार ठोकल्या, मनाच्या समाधानासाठी. काउलिंग असं बसलं, की सुमनने त्यावरून हात फिरवला आणि ती म्हणाली, "पहिल्यांदाच तुमच्या हातून काही नीट बंद झालं बाप्पा." मी सुखाने झोपलो.

रविवारी साहेब आले. पन्हं प्यायले. पंख हलवून पाहिले, शेपटीखाली वाकले. "काम छान केलंय हो," म्हणाले. मला वाटलं, जिंकलो. मग ते नाकापाशी आले आणि काउलिंगवर थाप मारली.

"हे चांगलं घट्ट बसलंय."

"हलणारच नाही, साहेब," वसंता म्हणाला.

"उघडा."

मी वसंताकडे पाहिलं. वसंता पंखाकडे पाहत होता.

"साहेब," मी म्हणालो, "ते बंद करण्यातच कालचा अख्खा दिवस गेला."

"असेल. पण मला इंजिन बघायचंय."

वसंताने छिन्नी-हातोडा आणला. दोन रिबिटा तुटल्या, मग छिन्नीच तुटली. साहेबांनी पुढच्या भोकातून बॅटरी मारून पाहिलं. "आत इंजिन आहे ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"आहे," मी म्हणालो, पण इतकं चाचरत, की सुमनसुद्धा वाकून बघायला लागली.

"उघडेल तेव्हा कळवा," म्हणून साहेब गेले. एवढी मेहनत, आणि ती एका झाकणात गेली. सुमनने सरळ भंगारवाल्याला बोलावलं.

तो आला, विमानाभोवती फिरला, नाकावर टिचकी मारली. "इंजिन का भाव अलग, पत्रे का अलग. पहले इसको खोल के रखो साहब, फिर आता हूँ."

विमान खात्याने नापास केलं, ते मी कसंबसं सोसलं असतं. पण आम्ही भंगारातही नापास झालो.