दारावरचा नंबर एक

पुंडलिकदादाच्या तेरवीला मी त्याचा नंबर एक पुसून टाकला. मुद्दाम नाही... माझ्या हातून आयुष्यात मुद्दाम असं फारसं काही झालेलंच नाही, जे झालं ते असं टेकल्या-टेकल्या झालं. रामाकोन्याला त्याच्या संत्र्याच्या कोठीत सतरंज्या टाकल्या होत्या, माणसं दाटीनं बसली होती, आणि कंबरदुखीचा माणूस म्हणून मी आधाराला कोठीचं उघडं दार निवडलं. त्या दाराला आतून डांबर फासलेलं, आणि डांबरावर खडूनं लिहिलेली दादाची यादी. तासभर मी तिथं बसलो, येणाऱ्या-जाणाऱ्याकडे पाहून दुःखानं मान हलवत राहिलो; मान हलली की पाठही हलते हे ध्यानात आलं नाही. उठलो तेव्हा खालच्या एका ओळीच्या जागी नुसता पांढरा फराटा होता आणि बाकीची ओळ माझ्या निळ्या बुशकोटाच्या पाठीवर.

पाहिलं ते नेमकं सुधाकरनं, दादाच्या एकुलत्या एका मुलानं. "मामाजी," तो म्हणाला (आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडे मामाजीच म्हणतात), "इथं काय लिहिलं होतं बाबानं?" मी म्हणालो, "काही नाही रे, पेट्यांचे नंबर असतील." तेराव्या दिवशी, त्याच्याच कोठीत, त्याच्याच मुलाशी खोटं बोललो. बाकी या घरात खोटं बोलण्याची माझी ती पहिली वेळ नव्हती, आणि तेच सांगायला आज बसलो आहे.

पुंडलिकदादा हा माझ्या बायकोचा, कमलचा, थोरला भाऊ. मी मूळचा पांढुर्ण्याचा, सौंसरच्या तहसील कचेरीत बाबू. दादा रामाकोन्यात संत्र्याची छाटणी, म्हणजे तोडलेल्या फळांची निवड करायचा. बगीचा कोणाचाही असो, ढिगापाशी मांडी घालून बसायचा आणि फळ हातात आलं की न पाहता बाजूला टाकायचा... नंबर एक, नंबर दोन, नंबर तीन, आणि जे अगदीच बारीक निघालं ते चुरी. हाताला लागलेली ही सवय त्यानं सिनेमालाही लावली. रडायचे, हाणामारीचे, देवाचे, सापाचे, भुताचे, हसायचे, घरचे असे ढीग त्यानं दारावर केले होते. सिनेमाचं नाव कधी लिहायचा नाही. 'आंधळ्या मायचा', 'दोन भावांचा', 'विहिरीतल्या बाईचा' असं लिहायचा आणि पुढे नंबर. एका ढिगात नंबर एक एकच. नवा वर चढला तर जुन्याला उतरावंच लागे, आणि उतरवताना दादाचा चेहरा असा पडायचा की वाटे, कोणाला नोकरीवरून काढून राहिला. माझा एक आवडता हाणामारीचा त्यानं थेट चुरीत टाकला तेव्हा मी आठ दिवस त्याच्याशी बोललो नाही. त्याच्या लक्षात आलं नाही, ही गोष्ट वेगळी.

आता यात गंमत अशी की यातला एकही सिनेमा त्यानं शेवटपर्यंत पाहिलेला नव्हता. वहिनी लवकर गेली. घरी म्हातारी माय, डोळ्यांनी अधू, तिला जेवू घालायला दादाच हवा. सौंसरच्या टॉकीजमध्ये खेळ सहाला सुरू व्हायचा आणि रामाकोन्याची शेवटची बस आठला सुटायची. पडद्यावर गोष्ट अगदी गळ्याशी आली की दादा धोतर सावरत उठायचा. "येतो जवाईबापू. बाकी रविवारी सांगजा." मागचे लोक ओरडायचे, "अबे बस ना खाली!" आणि दादा वाकून, जणू पडद्याचीच माफी मागत, अंधारातून निघून जायचा. रविवारी मी रामाकोन्याला जाऊन शेवट सांगायचो. तो छाटणी करता करता ऐकायचा, आणि मग हात धोतराला पुसून खडू उचलायचा. म्हणजे त्या दारावरचे नंबर अर्धे सिनेमाला असत आणि अर्धे माझ्या सांगण्याला. या गोष्टीचा मला गर्व होता. कचेरीत माझं कोणी ऐकत नव्हतं, घरी तर नाहीच.

मग सुधाकरचं झालं. पोरगा हुशार, हाताचा कसबी, त्याला मोटारीचं काम शिकायचं होतं. एके दिवशी छाटणीच्या मजुरांसमोर तो बोलून गेला, "मी काही जिंदगीभर दुसऱ्याचे संत्रे निवडत बसणार नाही." दादानं सगळ्यांसमोर त्याच्या कानाखाली वाजवली. दादानं कोणावर हात उचललेला मी ना आधी ऐकला, ना नंतर. पोरगा त्याच कपड्यांवर नागपूरला गेला, एका गॅरेजात लागला. दादा एवढंच म्हणाला, "दार उघडंच आहे."

त्याच महिन्यात सौंसरला तो सिनेमा लागला. बाप लेकाला घराबाहेर काढतो आणि मग रोज फाटकाशी येऊन उभा राहतो, असा. त्या दिवशी कमलही सोबत होती. आठ वाजत आले, दादा उठला, पण या वेळी दाराच्या पडद्यापाशी थोडा थांबला... मग गेला. पुढे त्या सिनेमात बाप वाट पाहून पाहून मरतो, आणि लेक येतो तो तिरडी उठल्यावर. कमल घरी येईपर्यंत पदरानं डोळे पुसत होती.

रविवारी दादानं हातातलं फळ खाली ठेवून विचारलं, "मंग? आला का पोरगा?"

मी काय सांगणार होतो? म्हणालो, "आला ना दादा. पाया पडला. बाप हसला, बाकी सगळे रडले."

"सोताहून आला?"

"सोताहून."

"बापाले जा नाही लागलं?"

इथं मी थांबायला हवं होतं. पण सांगणाऱ्याला ऐकणारा मिळाला की त्याची जीभ ताब्यात राहत नाही. "छे! बाप फाटकातून एक पाऊल बाहेर पडला नाही," मी म्हणालो. "वाट पाहिली, बस. पोरगा आलाच."

दादा उठला. 'घरचे' या ढिगात 'आंधळ्या मायचा' किती वर्षं पहिला होता... तो त्यानं पुसला आणि लिहिलं, 'बाप-लेकाचा. नंबर एक.' त्यानंतर पाच-सहा वर्षांत त्याच्यावर दुसरा चढला नाही; तेरवीला माझ्या पाठीनं पुसला तो हाच. मधल्या काळात माय गेली. तिच्या मातीला सुधाकर आला, बापाशी एक शब्द न बोलता संध्याकाळच्या बसनं परतला. गावात व्हिडिओ आला, टॉकीज ओस पडू लागली. घरी कोणी वाट पाहणारं उरलं नव्हतं, तरी दादा आठला उठायचाच. मी म्हणायचो, "आता काऊन उठता दादा? आमच्याकडे मुक्काम करा, पुरा पाहा एकदा." तो म्हणायचा, "शेवट तुमच्याच तोंडून बरा लागते, जवाईबापू."

आणि यंदा, मृग बहराच्या संत्र्याची छाटणी चालू असताना, ढिगापाशी बसल्या-बसल्याच तो कलला. मजूर सांगत होते, हातात फळ होतं, कोणत्या नंबरात टाकायचं ते राहूनच गेलं. सुधाकरला निरोप उशिरा मिळाला. तो रामाकोन्याला उतरला तेव्हा माणसं नदीवरून परत येत होती. तो रस्त्याच्या कडेला उभा राहिला आणि मी त्याच्याकडे पाहू शकलो नाही. हे मी पाहिलेलं होतं... पडद्यावर, सौंसरला. फक्त ज्याला सांगायला हवं होतं त्याला सांगितलं नव्हतं.

तेरवीहून परतल्यावर कमल माझा बुशकोट झटकायला अंगणात घेऊन गेली आणि तो तसाच हातात धरून आत आली. "हे काय भरवलं पाठीले?" मग माझ्यानं राहवलं नाही. सगळं बोललो. म्हणालो, "मी खरा शेवट सांगितला असता तर दादा गेला असता गं पोराला आणायला. माझ्या बातांपायी तो फाटकातच उभा राहिला."

तिनं बुशकोटाची पाठ उजेडाकडे केली. मग म्हणाली, "त्याले माहीत होतं. मीच सांगितलं होतं, त्याच सालच्या दिवाळीले. मी नव्हती का बसली तुमच्या बाजूले? सांगितलं का दादा, बाप मरते, तू जा पोराकडे. तं म्हणे, जवाईबापूले बोलजो नको, बिचारे जीव लावून सांगतेत."

"मग गेला का नाही?"

"गेला होता ना. दोनदा. सुधाकरसाठी संत्र्याची थैली घेऊन बसमध्ये बसला, आन् दोन्ही खेपा अर्ध्या वाटेत, सावनेरले उतरून वापस आला. पुरं पाहाची सवयच नव्हती त्याले." तिनं बुशकोट न झटकताच खुंटीला टांगला. "पेट्यांचे नंबर म्हणून सांगितलं ना पोराले? रविवारी जा नागपूरले. काय लिहिलं होतं थे सांगा त्याले. आन् या बारीनं काही जोडजा नका... बाप सावनेरपर्यंत आला होता, एवढंच सांगा."