अक्षराचा शर्ट

माझ्या वहिनीपासून घरातली एकही वस्तू सुरक्षित नाही. साबणाची नवी वडी, दादाचा मोजा, सुतळीचा गुंडा, जे हाताला लागेल ते तिच्या पिशवीत पडतं आणि तिच्यासोबत बालवाडीत जातं. तिथे तिच्या वर्गातली मुलं पिशवीत न डोकावता हात घालतात, वस्तू चाचपतात आणि वस्तूच्या नावातला पहिला आवाज काढतात. एकदा माझी मोजपट्टी अशीच गेली. दिवसभर गिऱ्हाइकांची मापं मी अंदाजाने घेतली, आणि ती संध्याकाळी येऊन मलाच म्हणते, "भाऊजी, तुमच्या पट्टीने सगळ्यांना 'म' आला!"

नुसतं अक्षराचं नाव पाठ करून घेणं तिला मुळीच मान्य नाही. म म्हणायचा तर ओठ मिटून, पोटावर हात ठेवून, पोट भरल्यासारखं म्म्म करायचं. ग म्हणताना गळ्याला बोट लावायचं, आतली गुरगुर बोटाला कळली पाहिजे. फ म्हणताना तोंडासमोर कागदाची पट्टी धरायची, ती उडाली पाहिजे. परातीतल्या ओल्या वाळूत अक्षर गिरवायचं, फरशीवर खडूने काढलेल्या अक्षरावरून पावलं टाकत चालायचं. घरी येते तेव्हा तिच्या केसांतसुद्धा वाळू असते.

तिचा जीव मात्र एका संचात अडकलेला. सुतार लाकूड घासतात त्या पॉलिश पेपरातून तिने अक्षरं कापली होती, म्हणजे त्यांच्यावरून बोट फिरवलं की खरखर लागते. प्रत्येक अक्षराखाली पुठ्ठा आणि पुठ्ठ्यावर माझ्या दुकानातली चिंधी. मी शिंपी, चिंध्यांना काय तोटा? निळ्या चौकटीच्या गणवेशाच्या कापडावर म बसला, गादीच्या खोळीच्या पट्टेरी कापडावर ग, पडद्याच्या हिरव्या मखमलीवर फ. हा संच कित्येक वर्षं चालला, तुकडीमागून तुकडी त्यावर बोटं फिरवत मोठी झाली.

मग बालवाडीच्या मोठ्या बाईंनी तो संच दोन बोटांत उचलून पाहिला. "किती कळकट झालंय हे! पालक बघतात. सगळं एकसारखं पांढऱ्या पुठ्ठ्यावर करा. पुढच्या आठवड्यात मी वर्गात बसेन. मुलांना अक्षरं येत नसतील तर ही वाळू, पिशव्या सगळं बंद. छापील वह्या मागवू आणि तुम्ही कचेरीचं काम बघा."

वहिनी घाबरली नाही. मुलांना सगळं येतंय हे तिला ठाऊक होतं. आम्ही दोघांनी बसून नवा संच केला. तोच कागद, तीच अक्षरं, तोच आकार, खाली पांढरा शुभ्र पुठ्ठा. मला तर फारच देखणा वाटला.

दुसऱ्या दिवशी ती घरी आली ती पायरीवरच बसली.

"भाऊजी, मुलांना काही येत नाही."

"म्हणजे?"

"काल सगळं येत होतं. आज म दाखवला तर बघत बसली. एकाने फ म्हटलं, एकीने ग. काय झालं काय एका रात्रीत?"

मला तरी काय ठाऊक! मी म्हटलं, नवीन आहे म्हणून बिचकली असतील. तिने ते ऐकलं, पण तिचं समाधान झालं नाही. पुढचे दिवस तिने मोठमोठी अक्षरं काढून पाहिली, रागावून पाहिलं, लाडीगोडी लावली. पिशवीत हात घातला की मुलं आवाज बरोबर काढत, पांढरा पुठ्ठा समोर आला की मुकी होत. कानाला कळतं ते डोळ्याला का कळेना, या विचाराने ती जेवताना घास हातात धरून बसायची. दादा म्हणाला, "उजेड कमी असेल वर्गात." त्याच्याकडे तिने अशा नजरेने पाहिलं की तो ताट घेऊन उठला. माझंही डोकं चालेनासं झालं होतं. त्या भरात मी एका शर्टाला दोन डाव्या बाह्या लावल्या.

तो शर्ट उसवत बसलो होतो तेव्हा वहिनीच्या वर्गातली एक मुलगी आईसोबत दुकानात आली. एवढीशी आहे, मी तिला बटण म्हणतो. आई फ्रॉकची उंची सांगत होती आणि बटण खुंटीवरच्या निळ्या चौकटीच्या गणवेशाकडे बघत पोटावर हात ठेवून उभी.

"म्म्म."

"भूक लागलीय का गं हिला?" मी विचारलं.

"आत्ताच तर खाऊन आलीय," आई म्हणाली.

बटण कोपऱ्यातल्या गादीच्या पट्टेरी खोळीकडे वळली. गळ्याला बोट लावलं. "ग्." मग कपाटात घुसून तिने मखमलीचा तुकडा ओढून काढला आणि त्याच्यावर जोरात फुंकर मारली. "फ्!"

माझ्या हातातली कात्री तशीच राहिली. ही पोरगी माझं दुकान वाचत होती.

दुकान उघडं टाकून मी वरच्या मजल्यावर घरी पळालो. वहिनीला सांगितलं तर तिला आधी कळेचना. कळलं तेव्हा ती खाली बसली. मला वाटलं होतं, हसेल.

"म्हणजे बोट अक्षरावर आणि डोळे कापडावर?" ती म्हणाली. "मग आधीची मुलं? इतकी वर्षं मी शिकवलं तरी काय?"

"अहो, ती मुलं माझ्या दुकानाची पाटी वाचतात येताजाता. चुका काढतात!"

"वाचतात हो. पण माझ्यामुळे की माझ्याशिवाय?"

मला तिची फार कीव आली, आणि रागही आला, कोणाचा ते समजेना. शेवटी मला एवढंच सुचलं, की डोळेच बांधले तर कापड शोधणं थांबेल आणि बोटावरच भिस्त ठेवावी लागेल. मी डोळ्यांवर बांधायला काळ्या अस्तराच्या पट्ट्या शिवल्या.

मोठ्या बाई वर्गात बसल्या त्या सकाळी मी पट्ट्या पोचवल्या आणि दारातच थांबलो. मुलं डोळे बांधून पांढऱ्या पुठ्ठ्यांवर बोटं फिरवत होती. काही चुकली, काही गप्प राहिली. बटणाचं बोट पुन्हा पुन्हा एकाच अक्षरावर फिरत होतं. मग दुसरा हात हळूच पोटावर गेला.

"म्म्म."

पट्टी वर सरकवून तिने पुठ्ठा पाहिला. उलटा केला, सुलटा केला.

"बाई, ह्याचा शर्ट कुठे गेला?"

मोठ्या बाई वहिनीकडे बघायला लागल्या. वहिनीने त्यांना सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. "मुलं कापडं ओळखत होती. चूक माझी आहे. ही आज पहिल्यांदा अक्षराला भेटली."

मोठ्या बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्याही गोंधळल्या असाव्यात. "महिनाअखेरीला परत येते," एवढंच म्हणून उठल्या.

तेव्हापासून वहिनी रोज माझ्याकडून नव्या चिंध्या नेते. मुलं स्वतः अक्षरांना शर्ट घालतात, दुसऱ्या दिवशी काढून तिसऱ्यालाच घालतात. आज म मखमलीत, उद्या फुलाफुलांत. पण वहिनीचा चेहरा काही उजळला नव्हता. आतासुद्धा ती मुलं दुसरंच काहीतरी वाचत नसतील कशावरून, असं ती मला विचारायची, आणि मी चिंध्या शोधत असल्याचं दाखवायचो.

काल ती अशीच चिंध्या निवडत असताना बटण आणि तिची आई फ्रॉक न्यायला आल्या. मी फ्रॉक गुंडाळतोय तोवर बटणाने माझा खडू उचलला आणि टेबलावर कापायला अंथरलेल्या, एका गिऱ्हाइकाच्या महागड्या काळ्या कोटाच्या कापडावर रेघ ओढली.

"अगं ए!" मी ओरडलो.

ती थांबली नाही. जीभ बाहेर काढून, खडू दाबत तिने काम पुरं केलं. मग पोटावर हात ठेवला. आवाजसुद्धा काढला नाही, आमच्याकडे नुसतं पाहिलं. कोटाच्या कापडावर म होता. जरा लंगडा होता, पण म होता.

मी ब्रश घेऊन पुढे झालो, तर वहिनीने माझा हात धरला. तिचे डोळे भरून आले होते.

"राहू द्या ना, भाऊजी. थोडा वेळ."

आज गिऱ्हाईक कोटाची चौकशी करायला आलं. मी सांगितलं, अजून कापायला घेतला नाही.